हिरव्या खणातली दोन गाठोडी

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मला विचार करावा लागत नाही. चांगुणाआत्याचे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई मला आठवत नाही, आणि वडील मी पाटी धरायच्या आधीच गेले. पनवेलहून उरणला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचे गाव. एका बाजूला खारजमीन, दुसऱ्या बाजूला मिठागर. आत्याने त्या मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या आणि मला पनवेलच्या शाळेत घातले, पुढे मुंबईला कॉलेजात पाठवले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केलेली नव्हती, सगळे अंगठेच. बी.ए.चा कागद मी घरी आणला तेव्हा आत्याने तो उलटसुलट करून पाहिला. "येवढ्याशा कागदाला येवढी वर्सं?" असे म्हणाली, आणि मग पदराला हात पुसून तोच कागद तिने कपाळाला लावला.

मी पनवेलला हायस्कुलात मास्तर झालो. देवाधर्माच्या बाबतीत माझे मन तेव्हा ओटीवर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे होते. घरात शिरत नव्हते आणि निघूनही जात नव्हते. आत्या सांगेल तो उपास मी करी, सांगेल तिथे नारळ फोडी, पण ते सारे आत्यासाठी. देवासाठी करत होतो असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. लग्नानंतर पुष्कळ दिवस आम्हांला मूल नव्हते, तेव्हा आत्याने कार्ल्याच्या डोंगरावरच्या एकवीरा आईला नवस बोलला: मूल झाले तर त्याचे जावळ तुझ्या पायांशी काढीन आणि तुझी खणानारळाने ओटी भरीन. मुलगा झाला. त्याचे नाव एकनाथ ठेवले. माझी बायको यमुना त्याला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली की आत्या लांबूनच डोंगराच्या दिशेने हात जोडत असे.

त्याच सुमारास मला मोंबासाच्या एका शाळेत नोकरी मिळाली. आफ्रिकेत गेलेल्या आपल्या लोकांनी ती शाळा काढली होती. पगार चांगला, राहायला खोली, आणि पत्रात एक वाक्य असे की याच बोटीने यावे, उशीर झाल्यास जागा दुसऱ्यास देण्यात येईल. बोट अशी मध्येच ठरली की कार्ल्याला जाणे राहून गेले. एकनाथाचे जावळ तसेच राहिले. आठ-नऊ महिन्यांचा तो मुलगा कुरळ्या केसांची झुलपे मिरवत घरभर सरकू लागला, आणि डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून यमुना त्या केसांना रिबीन बांधी.

तान्ह्या मुलाला घेऊन परदेशी जाणे म्हणजे काय, याची कल्पना मला नव्हती. मला वाटत होते की बोटीत बसायचे आणि उतरायचे. पण बोटीआधी फोटो असतो. पनवेलच्या फोटोवाल्याने काळ्या कापडात डोके घातले की एकनाथ भोकाड पसरी, आणि त्याने डोके बाहेर काढले की खुदकन हसे. शेवटी जो फोटो निघाला त्यात मी घाबरलेला, यमुना दमलेली आणि एकनाथ असा गंभीर, की आफ्रिकेची नोकरी त्यालाच लागली आहे असे वाटावे. मग टोचणी. टोचले सगळ्यांना, ताप आला एकट्याला, आणि रात्रभर जागे राहिलो तिघेही. लंगोट, दुपटी, बाळगुटीची सहाण, झबली, काजळाची डबी असा संसार भरून ट्रंक बंद केली की आत काहीतरी राहिलेले आठवे आणि ती पुन्हा उघडावी लागे. माझी स्वतःची पुस्तके अखेर आत्याच्या माळ्यावरच राहिली.

आत्या म्हणाली, बोटीवर पोचवायला मी येणार नाही, पण उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत येईन. म्हणून आम्ही मुंबईला मोऱ्याच्या लाँचनेच गेलो. पनवेलहून एस.टी. धरली, वाटेत गावाच्या फाट्यावर आत्या चढली आणि उरणपर्यंत एकनाथाला मांडीवरून खाली ठेवीना. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, ओरडणारे तांडेल आणि चढणारी माणसे यांच्या गर्दीत तिने माझ्या हातात दोन गाठोडी दिली. एकच हिरवा खण मधोमध फाडून तिने दोन्ही बांधली होती. दोन्ही हाताला जड, आणि दोन्हींत काहीतरी गोल.

"ही आईची ओटी," ती म्हणाली. "डोंगरावं जायला नाय भेटलं, तर पान्यातून धाडू. पानी सगलं तिचंच हाय. बोट सुटली का उरनचा डोंगर दिसतो तवर सोड. आन हे पोराचं. नाचनीचं सत्व हाय डब्यात. त्याला दुसरं काय घालू नको. आन ओटीची गाठ सोडू नको बरं का, बांधलेली ओटी उघडून बघत नाय कोनी."

मी मान डोलावली. लाँच सुटायची वेळ झाली. ती धक्क्याच्या अगदी कडेला आली आणि ओरडून म्हणाली, "बाबू, कागद धाडशील तवा बाकी काय लिव नको लिव, येवढं लिव. ओटी पोचली काय नाय!"

मुंबईच्या गोदीत आरोग्य खात्याचे साहेब एकेकाला तपासून सोडत होते. आत्याने निघताना एकनाथाच्या कपाळावर, गालावर आणि हनुवटीवर काजळाच्या तिटा लावल्या होत्या. डोकीभर केस, रिबीन आणि तोंडावर तीन काळे ठिपके पाहून साहेबांनी कागद खाली ठेवला. "कागदावर मुलगा लिहिला आहे आणि ही मुलगी कोण? आणि हिच्या तोंडावर हे काय उठले आहे?" मी इंग्रजीत खुलासा करू लागलो. बी.ए.ला मी इंग्रजीच घेतले होते, पण तीट, जावळ आणि नवस यांपैकी एकही शब्द आमच्या पुस्तकांत कुठे आला नव्हता. यमुनेने न बोलता पदराने तिटा पुसल्या आणि लंगोट सोडला. पुढचा खुलासा एकनाथाने स्वतःच केला, आणि असा नेमका केला की साहेबांच्या टेबलावरचा टीपकागद कामी आला. सगळी रांग हसली. साहेबही हसले, म्हणून आम्ही बोटीवर चढलो.

आम्ही डेकचे उतारू. ताडपत्रीखाली ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने बिछाना पसरला होता. आमच्या शेजारी कोणी बाई असाव्यात, कारण त्यांनी दोन लोखंडी खांबांना चादर बांधून आडपडदा केला होता. बोट सुटली तेव्हा उन्हे उतरली होती. बंदराबाहेर पडताच यमुनेला जी मळमळ सुरू झाली ती थांबेना. ती कठड्याला धरून उभी, एकनाथ माझ्या काखेत रडतो आहे, एका हाताने मी त्याला थोपटतो आहे, आणि डावीकडे उरणचा डोंगर निळा होत होत पुसट होत चाललेला. मला आत्याचे शब्द आठवले. मी बिछान्यावरून गाठोडे उचलले, कपाळाला लावले आणि पाण्यात सोडले.

नारळ घातलेली ओटी थोडा वेळ तरंगेल अशी माझी समजूत होती. पण डुबुक असा आवाज झाला आणि गाठोडे सरळ खाली गेले. माझ्या अंगावर काटा आला. आत्यासाठी म्हणून केलेले कर्म, पण त्या क्षणी खरोखर वाटले की कोणीतरी हात पुढे करून घेतले. मी यमुनेला म्हणालो, "बघितलेस? लगेच घेतली!" ती बिचारी काय बघणार? तिने नुसती मान हलवली आणि पुन्हा कठड्यावर वाकली. मी मात्र त्या संध्याकाळी मोठा भाविक होऊन झोपलो.

सकाळी यमुना थोडी उठून बसली. तिच्याने बाळाला अंगावर पाजवेना. पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता, तर दूध कुठून येणार? तिने सत्त्वासाठी उरलेले गाठोडे ओढले, चाचपले, आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं, सत्वाच्या डब्याला शेंडी कंधीपासून फुटली?"

मी हात लावून पाहिले. खणातून नारळाची शेंडी स्पष्ट टोचत होती.

यमुनेला सगळे कळले. एवढ्या आजारातही तिने कठड्यापलीकडे बोट केले. "तरीच बगा दर्या कसा गुमान हाय. रातभर पोटभर सत्व खाल्लंय त्यानं. ओटी ऱ्हायली हितंच, आन माजा पोर उपाशी." हे बोलताना ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होते. चादरीच्या पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसले आणि लगेच तोंड दाबल्यासारखा आवाज झाला. आदल्या रात्रीपासून मुलाच्या रडण्याबद्दल मी त्या चादरीची दोनदा माफी मागितली होती, तीही "एक्स्क्यूज मी, मॅडम" असे म्हणून. चादरीने कधी उत्तर दिले नव्हते.

बोटीवर डब्यातले दूध मिळत होते. ते मी आणले. एकनाथाने पहिला घोट माझ्या एकुलत्या एका कोटावर टाकला आणि पुढचे सगळे घोट तोंड मिटून परतवले. साखर घालून पाहिली, कोमट करून पाहिले, बोटाने चाटवून पाहिले. दुपारपर्यंत तो रडून रडून असा थकला की रडणेही बारीक झाले. ते बारीक रडणे ऐकवत नव्हते. बोटीचे डॉक्टर आले. ते मद्रासकडचे होते, बोलायला शांत. त्यांनी बाळाच्या टाळूला हात लावून पाहिला आणि मला बाजूला घेतले. ते म्हणाले की बोट उद्या काठेवाडच्या एका बंदराला लागेल, त्यानंतर मोंबासापर्यंत सारे पाणीच पाणी. मुलाने तोवर काही खाल्ले नाही तर त्याला घेऊन पुढे जाण्याचा धोका पत्करता येणार नाही. तुम्हांला उतरून परत जावे लागेल.

परत जायचे म्हणजे ती जागा गेली, आणि पनवेलची तर मी सोडूनच आलो होतो. पण खरे सांगतो, त्या वेळी जागेचा विचार फार वेळ टिकला नाही. पोराची टाळू आत गेली होती, आणि त्याच्या तोंडचा घास मीच माझ्या हाताने, कपाळाला लावून, समुद्रात टाकला होता.

मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. नवस बोलावा म्हटले तर तोंड नव्हते. आधीचाच नवस मी असा फेडला होता, आता नवीन कोणत्या तोंडाने बोलणार? काय मागावे तेही सुचेना. इतकी वर्षे शाळेत आणि कॉलेजात प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर लिहायची सवय लागली होती; कोरा कागद देऊन उठणे मला माहीत नव्हते. तिथे मी पहिल्यांदा कोरा कागद दिला. मनात एवढेच म्हणालो, "आई, मला काही कळत नाही. तुझे तू बघ." त्यात भक्ती किती होती आणि हतबलता किती, ते मला आजही वेगळे करून सांगता येणार नाही. एवढे आठवते की ते म्हटल्यावर छातीवरचे काहीतरी कोणीतरी उचलून बाजूला ठेवावे तसे झाले.

परत आलो तर चादर बाजूला सारलेली. आमच्या बिछान्यावर एक थोराड म्हातारी मांडी घालून बसली होती, कानांत वरपासून खालपर्यंत चांदीच्या बाळ्या, डोक्यावरून ओढणी, आणि मांडीवर एकनाथ. यमुना तिच्याजवळ आडवी होऊन चक्क हसत होती.

"ये रे सायबा," म्हातारी म्हणाली. "तू कालपासून विंग्रजी फाडत व्हतास, मला वाटला कोन मोठा सायेब हाय. म्हनून मी गप. आज ही पोर शेंडीचं बोलली तवा कललं. अरे, ही तर आमच्या उरन-पनवेलची जुबान! मग आदीच नाय का बोलायचा?"

तिचे नाव हलीमाबी. उरणची. मुलगा मोंबासाला एका दुकानात होता, आणि त्याच्याकडे जायची ही तिची तिसरी खेप. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागलो तर ती म्हणाली, आता मॅडम नको म्हणू म्हणजे झाले. यमुनेने तिला सगळे सांगितलेच होते. खालाचे म्हणणे सरळ होते: गाठोड्यात तांदूळ आहेत, नारळ आहे, पोर उपाशी आहे, मग बसलात काय? पण यमुना ऐकेना. ती म्हणत होती की आधीच ओटी पोचली नाही. आता वर ती उघडून खाल्ली तर आईचा कोप होईल, आणि तो होईल तो पोरावरच होईल. देवाला दिलेले परत घेऊ नये. त्यावर खालानेही आग्रह धरला नाही. तिच्याही घरी गलबते होती, दर्यात नारळ सोडणारी माणसे होती. दिलेल्या शब्दाचा धाक तिलाही होता.

मलाही काही ठरवता येईना. आम्ही तिघे असे त्या हिरव्या गाठोड्याकडे बघत बसलो होतो. एकनाथ खालाच्या मांडीवरून घसरला. अंगात त्राण नव्हते, तरी पोटावर सरकत सरकत तो त्या हिरव्या रंगाकडे गेला. खणाची गाठ त्याने तोंडात धरली, दोन्ही हातांनी ओढली, हिरड्यांनी चावली. आत्याची गाठ सहसा सुटणारी नव्हे. आम्ही कोणी हात लावला नाही. लावू नये असे काही ठरले नव्हते, पण कोणाचाच हात पुढे झाला नाही. थोड्या वेळाने गाठ ओली होऊन सैल झाली, खणाचे टोक सुटले, आणि लाल तांदूळ बिछान्यावर सांडले. त्यांतून नारळ बाहेर आला, हळकुंड आले, सुपारी आली, बदाम आले. एकनाथाने त्या सगळ्यांतून एक खारीक उचलली आणि तोंडात घालून चोखू लागला. आदल्या संध्याकाळपासून त्याने आपण होऊन तोंडात घातलेला तो पहिला पदार्थ.

मग खाला हसायला लागली. हसता हसता तिने दोन्ही तळवे वर केले. "घ्या! ज्याची व्हती त्यानं उघडली. आता तुमी कशाला भांडता?"

यमुना उठून बसली. तिने त्या सामानाकडे पुन्हा पाहिले आणि हळूच म्हणाली, "आवं, ही तर बालगुटी हाय." आणि खरोखरच तसे होते. खारीक, बदाम, हळकुंड. घरी रोज सकाळी ती सहाणेवर हेच उगाळून बाळाला चाटवत होती, आणि देवीची ओटी तर आम्ही जन्मभर बघत आलो होतो. पण ह्या दोन गोष्टींत सामान एकच असते, हे आमच्या कोणाच्या कधी ध्यानात आले नव्हते.

पुढचे काम बायकांचे होते. ट्रंकेतली सहाण निघाली. खाला भंडाऱ्याकडे, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याकडे गेली. त्याने म्हणे आधी नियम सांगितला, पण तिने त्याला त्याच्या आईची चौकशी करून असे गप्प केले की तो स्वतः पातेले घेऊन आला. तांदळाची मऊ पेज झाली, तिच्यात नारळाचे दूध पडले, उगाळलेली खारीक पडली. ते लाल तांदूळ आमच्या खारजमिनीतले, आत्याने आपल्या हाताने सडलेले. पेजेचा वास सुटला आणि मला डेकवर बसून आमचे अंगण दिसले. पहिला चमचा यमुनेने त्याच्या ओठांना लावला. त्याने जीभ बाहेर काढली, चव घेतली, विचार केला, आणि मग असे तोंड उघडले की चमचा पुरेना. पोट भरल्यावर त्याने ढेकर दिली. मी आयुष्यात पुष्कळ भजने ऐकली आहेत, पण त्या आवाजाने माझे हात जसे आपोआप जुळले तसे कधी जुळले नव्हते.

झोपायला त्याला झोळी लागे. खालाने आपली आडपडद्याची चादर सोडली, दुहेरी केली आणि त्याच दोन खांबांना झोळी बांधली. पुढचा सगळा प्रवास ती चादर झोळीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बंदर दिसू लागले तेव्हा डॉक्टर आले. आमचे सामान बांधलेले असेल असे त्यांना वाटले असावे. झोळीत एकनाथ मूठ तोंडात घालून घोरत होता. त्यांनी टाळूला हात लावला, नाडी पाहिली आणि काय दिलेत म्हणून इंग्रजीत विचारले. ओटीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मी म्हणालो, "गॉडेसेस राइस, सर." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "ओ! प्रसादम्!" असे म्हणून त्यांनी खाली सांडलेला एक तांदळाचा दाणा उचलला, तोंडात टाकला आणि पुढच्या उतारूकडे गेले.

आम्ही उतरलो नाही. आत्याचा हात मोकळा, तिने ओटी भरली होती ती शेराने. तांदूळ मोंबासापर्यंत पुरले. कसे पुरले ते मी मोजत बसलो नाही. यमुनेची मळमळही हळूहळू थांबली, आणि खालाशी तिच्या ज्या गप्पा चालत त्यांत उरणच्या बाजारातले एकही दुकान सुटले नसेल. मोंबासाला खालाचा मुलगा न्यायला आला होता. मी तिचे आभार मानू लागलो तर ती म्हणाली, "मी काय केलं? पोरानं गाठ सोडली, मी चादर सोडली." आणि एकनाथाची झुलपे विस्कटून तिने एक निरोप दिला. तो पुढे पत्रात आहे.

ह्यात चमत्कार कोणता, असे कोणी विचारील. भुकेले पोर हाताला लागेल ते ओढतेच, आणि शेजारची बाई मदतीला येतेच. ते मला मान्य आहे, मी वाद घालत नाही. मी एवढेच जाणतो की मी देवीला द्यायला गेलो तेव्हा चुकीचे दिले, आणि माझ्या हातात जे राहिले तेच आम्हांला लागणार होते. माझ्या हातून नीट झाले असते तर सत्त्व खाऊन पोर सुखाने पोचले असते, आणि मी मात्र तसाच ओटीवर उभा राहिलो असतो. आता मी घरात जाऊन बसलो आहे.

मोंबासाच्या खोलीत ट्रंक उघडायच्या आधी मी आत्याला पत्र लिहायला बसलो, आणि तिचा प्रश्न आठवला. ओटी पोचली काय नाय? मी यमुनेला विचारले, काय लिहू? ती म्हणाली, "झालं तेच लिवा. आत्याला सगलं कलतं." पुढे आम्ही पनवेलला परत आलो तेव्हा ते पत्र मला आत्याच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या मागे सापडले. तिथूनच ते खाली उतरवून देतो.

*

तीर्थस्वरूप आत्यास तुझ्या भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघेही मोंबासाला सुखरूप पोचलो. खोली चांगली आहे, दारात आंब्याचे झाड आहे. यमुनेची प्रकृती बरी. एकनाथाला पहिला दात आला आहे आणि तो त्याचा उपयोग करतो.

तुला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या गुरुजींना विनंती की ह्यापुढचा मजकूर हळू आवाजात वाचावा, नाहीतर सारी आळी हसेल. आत्या, उरणचा डोंगर दिसत असतानाच मी गाठोडे सोडले, तू सांगितलेस तसेच. पण ते सत्त्वाचे होते. दर्याने ते सगळे खाल्ले, डब्यासकट. मग पोराला खायला काही उरले नाही आणि आम्ही फार घाबरलो. ओटीची गाठ आम्ही सोडली नाही. यमुना साक्षीला आहे, आमच्यापैकी कोणी हातसुद्धा लावला नाही. ती एकनाथाने सोडली, तोंडाने. त्याने पहिल्यांदा खारीक घेतली. मग तुझ्या तांदळाची पेज, तुझ्या नारळाचे दूध, असे करून सगळी ओटी तो इथे येईपर्यंत जेवला. खणाचे यमुनेने त्याला टोपडे शिवले आहे. नारळाची करवंटी ठेवली आहे, त्यात तो पाणी पितो.

बोटीवर उरणच्या हलीमाबी म्हणून एक खाला होत्या. त्यांनी पेज शिजवायला मदत केली आणि झोळीला आपली चादर दिली. त्यांनी तुला सलाम सांगितला आहे, आणि म्हणाल्या आहेत की पोराचे जावळ डोंगरावर काढाल तेव्हा माझ्या नावाचा एक नारळ फोडा. तो आपण फोडायचा आहे, विसरू नकोस. जावळ तोवर वाढू दे. इथले लोक त्याला मुलगी समजतात, समजू देत.

तू मला मोऱ्याच्या धक्क्यावर जे विचारलेस त्यावर मी पुष्कळ विचार केला. तू माझ्यासाठी आयुष्यभर मीठ वाहिलेस, तेव्हा ते कुठे पोचते आहे हे तुला कोणी कळवले नसेल. म्हणून हे कळवतो, आणि खात्रीने कळवतो.

आत्या, ओटी पोचली.